गाठोडेवाल्यांचा निकाल

जर्मन माणूस कसा असतो, जपानी कसा, कोरियन कसा, हे विमलताईंना विचारावं. मात्र तोच माणूस समोर आणून उभा केला असता, तर त्यांना तो ओळखता आला नसता. आमच्या गेस्ट हाउसात बारा वर्षं काम करून त्यांनी पाहुण्यांचे चेहरे जवळजवळ पाहिलेच नव्हते. पाहुणे सकाळी आठला गाडीत बसून चाकणच्या कारखान्यांकडे निघाले की विमलताईंचं काम सुरू व्हायचं, आणि ते संध्याकाळी परतायच्या आत विमलताई काळेवाडीच्या बसमध्ये बसलेल्या असायच्या. त्यांची पाहुण्याशी गाठ पडायची ती पाहुणा नसताना. तरी "दोनशे चारवाला लई एकटा पडलाय सर, कुणीतरी त्याला बाहेर जेवायला न्या," असं त्या मला येऊन सांगायच्या, आणि ते खरं निघायचं.

मी त्या गेस्ट हाउसचा मॅनेजर. हे पद ऐकायला बरं आहे. तळेगाव दाभाड्याहून रोज स्कूटरवर चाकण रस्त्याची धूळ खात यायचं आणि दिवसभर गरम पाण्याच्या तक्रारी ऐकायच्या, हा त्याचा खरा अर्थ. अठरा खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मागे लॉन्ड्रीचा टेम्पो लागायला एक लोखंडी दार, एवढाच आमचा पसारा. मशीन बसवायला नाहीतर बिघडलेलं दुरुस्त करायला जगभरातून इंजिनियर यायचे. आठवडाभर ते इंजिनियर असायचे आणि रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून पर्यटक व्हायचे. सोमवारी सकाळी त्यांच्या बुटांची माती बघून ते कुठल्या किल्ल्यावर गेले होते हे विमलताई सांगायच्या. त्यात त्या एकदा चुकल्या होत्या, पण तो माणूस शेतात पडला होता.

विमलताई सोनवणे अंगाने ठेंगण्या आणि भरलेल्या होत्या. केस तेल लावून चापून बसवलेले, साडीवर निळा कोट, चष्मा गळ्यातल्या दोरीला लोंबत. तो डोळ्यांवर क्वचितच यायचा, कारण धूळ त्यांना बिनचष्म्याची दिसायची. हाताखाली चार मुली होत्या आणि चौघीही त्यांना टरकून असायच्या. नवरा एका कारखान्यात टर्नर होता, आता निवृत्त. मुलगा डिप्लोमा करताना इतकी वर्षं एटीकेटीत अडकला होता की तो शब्द त्यांच्या घरात तांदूळ-डाळीइतका रुळला होता. त्याचाच त्यांनी कामावर उपयोग केला.

पाहुणा खोली सोडून गेला की विमलताई आधी एकट्या जायच्या. चपला बाहेर काढायच्या, उंबऱ्यावर उभ्या राहायच्या, एक हात कमरेवर ठेवायच्या आणि नाकाने एक लांब श्वास घ्यायच्या. मग पलंग, टेबल, कचऱ्याचा डबा, बाथरूमचं दार अशी नजर फिरायची. दहा सेकंदांत निकाल लागायचा. "फर्स्ट क्लास." किंवा "सेकंड क्लास." किंवा मान हलवून, "एटीकेटी." नापास हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. माणूस सुधारू शकतो यावर त्यांचा विश्वास होता, मुलामुळे तो ठेवावाच लागला होता.

"जपान्याची खोली उघडली की वाटतं, माणूस आलाच नव्हता," त्या म्हणायच्या. चादरीची घडी, सपाता दाराकडे तोंड करून, टेबलावर कागदाचा एक पक्षी. ते पक्षी त्यांनी लिननच्या कपाटात ओळीने मांडून ठेवले होते. अमेरिकन म्हणजे टॉवेल. "एका माणसाला सहा टॉवेल! अंग हाय का मैदान?" इटालियनची खोली त्यांना लांबूनच कळायची, कारण अत्तर आणि कॉफी यांचा वास जिन्यापर्यंत यायचा. इटालियन लोक कॉफीच्या जाड काचेच्या बरण्या मागे टाकून जात. असली फिरकीच्या झाकणाची बरणी आपल्याकडे मिळत नाही म्हणून विमलताई ती धुऊन घरी नेत. एरवी पाहुण्याची टाचणीही त्यांनी कधी उचलली नाही. कोरियन माणूस स्वभावाने गोड, पण फ्रीजमध्ये आंबवलेल्या कोबीचा डबा ठेवून जायचा. "सर, आठ दिवस लिंबाच्या फोडी ठेवल्या फ्रीजमध्ये. नवव्या दिवशी लिंबाला कोबीचा वास," अशी तक्रार घेऊन त्या आल्या होत्या. त्याला त्यांनी सरळ एटीकेटी दिली.

आणि जर्मन म्हणजे कागद. पाहुणा जर्मन असला की जाताना टेबलावर यादी ठेवून जायचा. गादी मध्ये दबली आहे. नळ गळतो. पडद्याची तिसरी कडी तुटलेली आहे. यादीला आकडे घातलेले असायचे. विमलताई ती माझ्याकडून वाचून घ्यायच्या आणि ऐकताना त्यांचे ओठ घट्ट व्हायचे. "सासू परवडली हो सर. तिनं कधी नंबर नाय टाकले."

या शास्त्राला विरोधक होता तो एकटा आमचा आचारी, तुकारामभाऊ. चाकणजवळच्याच गावचा, तीन पिढ्यांची शेती, आता जमिनीवर कारखान्याची भिंत. त्याचा निकाल ताटावरून लागायचा. "त्यो जर्मन व्हय म्हनत न्हाई, न्हाई म्हनत न्हाई, पर ताट आरशावानी करतो. आन् तुमचा जपानी समद्याला वाकून वाकून मान डोलावतो आन् निम्मी भाजी ठिवून जातो!" यावर विमलताई म्हणायच्या, "भाऊ, भाजीचा पण विचार करा." हे भांडण बारा वर्षं चाललं आणि दोघांपैकी कुणीही एक पाऊल मागे आलं नाही.

विमलताईंच्या शास्त्राला पहिला तडा एका जर्मनानेच दिला. एकशे सातमधला हा गृहस्थ दोन महिने राहिला, चार याद्या देऊन गेला. चौथ्या यादीनंतर त्या म्हणाल्या, "गेला एकदाचा." खोलीत गेल्या आणि बऱ्याच वेळाने मला बोलवायला आल्या. बाथरूमचा नळ, जो आमचा प्लंबर तीनदा येऊन गेल्यावरही गळायचा, तो बंद होता. पडद्याला तिसरी कडी होती. खिडकीची कुरकुरणारी बिजागरी तेल घालून गप्प केलेली होती. टेबलावर मात्र कागद नव्हता. विमलताईंनी कचऱ्याच्या डब्यातसुद्धा कागद शोधला. "सांगून का नाय गेला हो?" त्या परत परत विचारत होत्या. तक्रार लिहून ठेवणारा माणूस उपकार लिहून ठेवत नाही, हे त्यांना झेपत नव्हतं.

दुसरा तडा जपान्याने दिला, आणि तो त्यांना जास्त लागला. खोली नेहमीसारखी चकचकीत होती, कागदाचा पक्षीही होता. त्यांनी दारातूनच फर्स्ट क्लास देऊन टाकला. गादी उलटवली तेव्हा खाली एक चादर सापडली, व्यवस्थित चौघडी केलेली, आणि मधोमध इस्त्रीच्या आकाराचं तपकिरी भोक. विमलताई ती चादर हातात धरून माझ्या टेबलापाशी आल्या.

"जपानी असून, सर?"

"ताई, जपान्याच्या हातूनही चादर जळते."

"जळू दे की. लपवली का? मी काय खाल्लं असतं त्याला?" त्यांना राग येतच नव्हता, वाईट वाटत होतं. मग चादरीची घडी पुन्हा घालत त्या म्हणाल्या, "लई घाबरला असंल बिचारा." फर्स्ट क्लास मागे घेतला नाही. फक्त त्या दिवसापासून निकाल लावण्याआधी गादी उलटवू लागल्या.

मी एकदा त्यांना छेडलं. "ताई, सगळ्या जगाचे निकाल लावता. आपल्या लोकांचं काय?"

विमलताई घडी घालत होत्या, त्या घालतच राहिल्या. आपले लोकही आमच्याकडे उतरायचे, निरनिराळ्या शहरांतल्या कचेऱ्यांमधले साहेब. त्यांच्या खोल्यांचा निकाल त्या कधी मोठ्याने सांगत नसत. आत जायच्या, दार लावून घ्यायच्या आणि मुलींना न बोलावता स्वतःच सगळं साफ करायच्या.

त्याच आठवड्यात एक साहेब आले आणि गेले. विमलताईंनी मला पहिल्यांदाच आपणहून त्या खोलीत नेलं. पांढऱ्या टॉवेलने बूट पुसलेले होते. पडद्याला हात पुसलेले होते, आणि ते जेवणानंतरचे होते. साबण, शाम्पू, चहाच्या पुड्या, सगळं गायब होतं, आणि टीव्हीच्या रिमोटमधले सेलसुद्धा. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"हे साहेब फॉरेनला पण जातात ना, सर?"

"वर्षातनं दोनदा."

"मग तिकडं पण एखादी विमल असंल की. ती अशीच दारात उभी राहत असंल, कमरेवर हात ठेवून. ती काय म्हनत असंल?" त्यांनी टॉवेल उचलला आणि त्याची डागाची बाजू आत घेतली. "आन् ती एका साहेबाला नाय म्हनत. ती आपल्या सगळ्यांना म्हनती. मी नाय का म्हनत, जपानी असा, जर्मन तसा?"

त्या दिवसापासून त्या तिकडच्या विमलने आमच्या विमलताईंना झपाटलं. कुठलीही खोली उघडली की आता त्यांना दोन खोल्या दिसायच्या, एक इथली आणि एक तिकडची.

आणि तशातच काळेवाडीच्या विहारातली मंडळी थायलंडला निघाली. बुद्धमूर्ती बघायच्या, विहारं बघायची, सहा दिवसांची सहल. चाळीस जण, त्यांतले बहुतेक कारखान्यांतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या बायका. आयुष्यात विमानात बसलेले तिघंच. विमलताई आणि सोनवणेकाका त्यात होते. "सर, तुम्ही पण चला. तुम्हाला इंग्लिश येतं," असं म्हणून त्यांनी माझंही नाव परस्पर देऊन टाकलं होतं.

बाकीचे लोक सोन्याची मूर्ती कशी दिसेल याचा विचार करत होते. विमलताईंच्या डोक्यात एकच होतं, तिकडच्या विमलने काळेवाडीला फर्स्ट क्लास दिला पाहिजे. लगेच दर रविवारी विहाराच्या हॉलमध्ये त्यांनी वर्ग सुरू केला. मी दोनदा हजर होतो. हॉलच्या कोपऱ्यात दोरीवर एक जुनी साडी टांगलेली होती, तो बाथरूमचा पडदा. खाली प्लास्टिकचा टब. चाळीस ज्येष्ठ नागरिक ओळीने येऊन, कपड्यांसकट, टबात उभे राहून पडदा आत घ्यायची तालीम करत होते.

"पडदा आत! नाना, आत म्हणजे टबाच्या आत! बाहेर राहिला की पानी बाहेर, आन् पानी बाहेर आलं की कोन पुसनार?"

"आपनच पुसू की," नाना म्हणाले.

"तुम्ही पुसता होय घरी?" त्यावर नानांच्या बायकोला इतकं हसू आलं की तालीम थांबवावी लागली.

नियम बरेच होते. गॅलरीत चड्ड्या वाळत घालायच्या नाहीत. कॉरिडॉरमधून एकमेकांना हाका मारायच्या नाहीत. पांढऱ्या टॉवेलला हळदीचा हात लावायचा नाही. आणि सगळ्यात कडक नियम शेवटचा. "मसाल्याचं कायपण न्यायचं नाय. लोणचं नाय, चटनी नाय, ठेचा तर बिलकूल नाय. फ्रीजला वास बसला की मरेपर्यंत जात नाय. मी भोगलंय." त्या हे सांगत असताना सोनवणेकाका छताच्या पंख्याकडे बघत होते, ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

सहल छान झाली. सहलीचा मॅनेजर नितीन नावाचा हसरा तरुण होता, दर महिन्याला एक ग्रुप घेऊन त्याच हॉटेलात उतरायचा. तो दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "राव, असला शांत ग्रुप मी बघितला नाही. आजारी आहेत का सगळे?" आजारी नव्हते, धाकात होते. पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे घातलेली आमची मंडळी कॉरिडॉरमधून चवड्यांवर चालायची. बाथरूममध्ये एकानेही पाणी बाहेर काढलं नाही. नानांनी तर तीन दिवस आंघोळच केली नाही, म्हणाले, उगाच जोखीम नको.

बँकॉकमधल्या शेवटच्या सकाळी सहाला माझ्या दारावर टकटक झाली. दारात विमलताई होत्या, पदर खोचलेला.

"सर, चादर काढा."

आमच्या गेस्ट हाउसची एक पद्धत आहे, विमलताईंनीच पाडलेली. खोली रिकामी झाली की उशीच्या अभ्र्यात टॉवेल कोंबायचे, ते अभ्रे चादरीत टाकायचे, चादरीची चार टोकं बांधून गाठोडं करायचं आणि मागच्या जिन्याने खाली नेऊन लोखंडी दाराशी रचायचं. टेम्पोवाला उचलून नेतो. त्यामुळे बायकांना प्रत्येक चादरीसाठी वेगळं वाकावं लागत नाही. तिकडच्या विमलची कंबर वाचावी म्हणून विमलताईंनी बरोबर तेच केलं. वीस खोल्या, वीस गाठोडी. हॉटेलचा मागचा जिना त्यांनी पहिल्याच दिवशी हेरून ठेवला होता.

आता हे कॅमेऱ्यात कसं दिसलं असेल, त्याचा विचार करा. पहाटेचं अंधुक उजाडलेलं आहे. पांढऱ्या कपड्यांतली चाळीस माणसं, तोंडातून चकार शब्द न काढता, चवड्यांवर चालत, डोक्यावर गाठोडी घेऊन मागच्या जिन्याने उतरताहेत.

खाली रखवालदार उभा होता. तोपर्यंत वरच्या मजल्यावरून रिसेप्शनला निरोप गेला होता की भारतीय ग्रुपच्या वीसच्या वीस खोल्यांमधून चादरी, अभ्रे आणि टॉवेल नाहीसे झाले आहेत. त्या हॉटेलात पाहुणा निघण्याआधी खोलीतल्या वस्तू मोजायची रीत होती. आमची बस दाराशी उभी होती, तिच्यापुढे दोन रखवालदार येऊन उभे राहिले. नितीनचं हसणं पहिल्यांदाच बंद पडलं. मला येत होतं तेवढं इंग्रजी मी सगळं वापरलं, पण "आम्ही चोरत नव्हतो, मदत करत होतो" हे वाक्य कुठल्याही भाषेत चोरासारखंच वाटतं.

विमलताई लॉबीत सोफ्याच्या कडेवर बसल्या होत्या. बारा वर्षांत मी त्यांना कामाच्या वेळी बसलेलं पाहिलं नव्हतं. चेहरा उतरला होता आणि हात एकमेकांत घट्ट धरले होते. "चोर म्हनाले का, सर? सगळ्यांना?" मी काहीतरी गुळमुळीत बोललो. त्या उठल्या. "मला मॅनेजर नको. इथली जी विमल असंल, तिला बोलवा."

ती आली. पन्नाशीची, बारीक, केस जाळीत बांधलेले, छातीवर नावाची पट्टी. नोई. तिच्या मागे दोन मुली, तिला टरकून असलेल्या. त्यावरूनच विमलताईंनी ओळखलं असणार. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "नमो बुद्धाय." तिनेही हात जोडले, पण चेहरा तसाच ठेवला. मग विमलताईंनी तिचं मनगट धरलं आणि तिला मागच्या दाराशी नेलं. एक गाठोडं सोडून दाखवलं. आत अभ्रे, अभ्र्यांत टॉवेल, ओले वेगळे, सुके वेगळे. मग त्या दोन मजले चढून गेल्या, मागोमाग नोई, मागोमाग मी आणि नितीन. एका रिकाम्या खोलीत ट्रॉलीवरची नवी चादर घेतली, हवेत झटकली, गादीवर उतरवली आणि एका बाजूचे दोन्ही कोपरे असे मुडपले की पाकिटाची कड दिसावी. सगळं मिळून पंधरा-वीस सेकंद लागले असतील.

नोई बघत राहिली. मग पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि तिकडचे कोपरे मुडपले. दोघींनी मधोमध एकदम हात फिरवला. विमलताईंनी मागे सरकून स्वतःची कंबर धरली, तोंड वाकडं केलं, आणि गाठोड्याकडे बोट दाखवून कंबर सरळ करून दाखवली. नोईने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा स्वतःच्या कमरेकडे, आणि ती हसायलाच लागली. हसता हसता पलंगावर बसली, म्हणजे नुकत्याच घातलेल्या चादरीवर. विमलताईंनी तिला हाताला धरून उठवलं आणि सुरकुती काढली.

नोईने खाली येऊन रखवालदारांना काहीतरी सांगितलं, ते बाजूला झाले आणि बस सुटली. मंडळींनी सुटकेचे श्वास टाकले. नानांनी विमानतळावर पाय ठेवेपर्यंत तीन वेळा विचारलं, "म्हणजे आपण चोर नाही ना?" विमलताई खुशीत होत्या. "ती काय बोलली नाय, पण हसली. सेकंड क्लास तरी कुठं जात नाय." विमान वर गेलं, जेवणाचे ट्रे आले. सोनवणेकाकांनी भात उघडला, बघितला आणि सवयीने म्हणाले, "ठेचा काढ गं."

विमलताईंचा घास हातातच राहिला.

काकांना ठेच्याशिवाय जेवण जात नाही. चाळीस वर्षांच्या संसारापुढे विमलताईंचा स्वतःचा नियम टिकला नव्हता. इटालियन कॉफीच्या बरणीत भरून त्यांनी तो गुपचूप नेला होता, चार दिवस फ्रीजमध्ये ठेवला होता, आणि शेवटच्या सकाळी वीस खोल्यांची गाठोडी बांधायच्या गडबडीत आपल्याच खोलीचा फ्रीज बघायचा राहिला होता. लसूण, हिरवी मिरची, अर्धी बरणी. "झाकन पण नीट लागत नाय त्या बरणीचं," एवढंच त्या पुढच्या चार तासांत बोलल्या.

चाकणला परत आल्यावर काम तसंच चाललं, पण निकाल बंद झाले. पाहुणा गेला की विमलताई उंबऱ्यावर थांबायच्या नाहीत, सरळ आत जाऊन कामाला लागायच्या. मुली विचारायच्या, "मावशी, काय दिलं?" तर म्हणायच्या, "मी कोन देनार?" तुकारामभाऊ मुद्दाम जपान्यांना नावं ठेवायचा, तरी त्या भांडायच्या नाहीत. शेवटी तोच हिरमुसला. एकदा कोरियन पाहुण्याच्या फ्रीजमधून कोबीचा वास आला, तेव्हा मुलगी नाक धरून ओरडली. विमलताईंनी तिला गप्प केलं. "त्याच्या बायकोनं दिला असंल. टाकवला नसंल त्याला." आणि लिंबं कापायला बसल्या. मला ते बघवत नव्हतं, हे सरळच सांगतो. मी त्यांना म्हटलंही, "ताई, एवढं काय? ठेचाच होता." त्या म्हणाल्या, "सर, चाळीस मान्सं चवड्यावर चालली. आन् मी वास ठिवून आले."

सात-आठ महिने असे गेले आणि त्यांची निवृत्ती आली. शेवटचा आठवडा चालू होता. एका दुपारी नितीन हुडकत हुडकत गेस्ट हाउसला आला, हातात पिशवी. "राव, त्या गाठोडेवाल्या काकू इथंच असतात ना?"

त्याने सांगितलेलं ऐकून मी खुर्चीतून उठलो. त्या हॉटेलात आता कुठलाही भारतीय ग्रुप उतरला की नोई रिसेप्शनवर येऊन, हाताने गाठ मारायची खूण करून विचारते, हे गाठोडी बांधणारे आहेत का? नाहीत म्हटलं की तिचं तोंड पडतं. तिच्या हाताखालच्या मुलींची पक्की समजूत झाली आहे की भारतीय लोक असतातच असे, जाताना सगळं बांधून ठेवतात, फक्त काही ग्रुप आळशी निघतात. एका विमलताईंवरून त्यांनी आपल्या सगळ्यांना ओळखलं होतं, आणि दुरुस्त करायला कुणीच गेलं नव्हतं. नितीनने पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक बरणी काढली. "हे त्यांनी काकूंसाठी दिलंय. दोन महिने माझ्याकडंच राहिलं, सॉरी."

विमलताईंना मी लिननच्या खोलीतून बोलावलं. कागद सुटला तशी त्यांनी बरणी ओळखली. आत गडद तांबडं काहीतरी भरलेलं होतं. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा बसवून ते घट्ट केलेलं होतं. विमलताईंनी बरणी टेबलावर ठेवली, दोन पावलं मागे गेल्या आणि एक हात कमरेवर ठेवला. मग गळ्यातला चष्मा डोळ्यांना लावला. त्यांनी झाकण फिरवलं, नाकाने लांब श्वास घेतला, करंगळीचं टोक बुडवून जिभेला लावलं. डोळ्यांतून पाणी आलं. मिरचीच होती, तिकडची, नोईने वाटलेली.

"भांडं रिकामं परत दिलं नाय," त्या म्हणाल्या. "तिच्याकडं पन नाय देत वाटतं."

मग बरणी खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी झाकणाच्या आतली फिरकी बोटाने चाचपली, बरणीच्या काठाच्या आट्या बघितल्या, बूड बघितलं. बराच वेळ. नितीन माझ्याकडे बघायला लागला, त्याला वाटलं काही बिघडलं.

"आट्यांमधला लसूनसुद्धा काढलाय हो सर. सुईनं काढला असनार." त्यांनी चष्मा काढला. "फर्स्ट क्लास."

हा तिचा निकाल की आपला, हे मी विचारलं नाही. दारातून तुकारामभाऊ ओरडला, "ताटातली भाजी ठिवत असंल ती!" आणि सात-आठ महिन्यांनी विमलताई त्याच्यावर खेकसल्या.

शेवटच्या दिवशी मुलींनी त्यांना साडी दिली, हार घातला, फोटो काढले. त्यांनी लिननच्या कपाटातले सगळे कागदी पक्षी मुलींमध्ये वाटून टाकले. पाचला बस आली. मी फाटकापर्यंत गेलो. त्या खिडकीशी बसल्या होत्या, हार पिशवीत कोंबलेला, आणि बरणी नॅपकिनमध्ये बांधून मांडीवर घेतलेली, वर चार टोकांची गाठ. बस वळली, मी हात हलवला. त्यांनी मान हलवली फक्त, कारण पुढे खड्डे होते आणि दोन्ही हातांनी त्यांनी बरणी धरली होती.